सदर ग्रंथी माझी नाही

दाजीबानपेठेतल्या तासगावकर मॅचिंग सेंटरच्या गादीवर सदाशिवराव तासगावकर सव्वीस वर्षं बसत आले होते. पण आपण बसतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं ते गेल्या उन्हाळ्यात. तोवर ते नुसतेच बसत. सकाळी दहाला गादीवर टेकायचं, समोर आलेल्या बाईकडं न बघता तिच्या साडीकडं बघायचं आणि मागच्या फडताळातून नेमक्या रंगाचं ब्लाऊजपीस ओढून काढायचं. मोरपंखी आणि गडद मोरपंखी यांच्या मधे आणखी एक रंग असतो, हे अख्ख्या हुबळीत त्यांना एकट्यालाच दिसत असे. अशा माणसाला बसणं म्हणजे श्वास घेण्यासारखं. त्याची दखल कोण घेतो.

आता मात्र गादीवर टेकून दहा मिनिटं झाली, की खाली कुणीतरी कोमट इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं व्हायला लागलं. नेमकं कुठं दुखतं हे सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हता. पाठ म्हणावं तर पाठीच्या खाली, पोट म्हणावं तर पोटाच्याही खाली. ज्यांच्याबद्दल चांगल्या घरात बोलत नाहीत असे शरीराचे दोन भाग असतात. सदाशिवरावांचं दुखणं बरोबर त्या दोघांच्या मधे बसलं होतं. त्यात भर म्हणजे सारखी लघवीला लागायची. जाऊन यावं, हात पुसावेत, तर पुन्हा जावंसं वाटायचं.

दुकानांच्या त्या ओळीला मिळून एकच स्वच्छतागृह होतं आणि त्याची किल्ली शेजारच्या सुमंतअण्णांच्या गल्ल्यापाशी टांगलेली असे. सुमंतअण्णांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान. वयानं ते सदाशिवरावांपेक्षा बारा वर्षांनी मोठे, केशवापुरात दोघांची घरंही एकाच इमारतीत, वर-खाली. किल्ली कुणी खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून अण्णांनी तिला वीतभर लाकडाचा ठोकळा बांधला होता. तो हातात घेऊन भर बाजारातून चाललं, की माणूस कुठं निघालाय हे कुणाला विचारावं लागत नसे. सदाशिवराव पूर्वी तो ठोकळा दिवसातून दोनदा नेत. आता अकरा वेळा नेऊ लागले. सुमंतअण्णा स्वभावानं सभ्य. ते काही विचारत नसत. ठोकळा परत टांगताना फक्त म्हणत, "सात." थोड्या वेळानं म्हणत, "आठ."

आठवडाभर मोजल्यावर अण्णांनी निदान केलं: मुतखडा. दाजीबानपेठेत एकदा निदान झालं, की उपचार आपोआप सुरू होतात. केळीच्या सोपटाचा रस सकाळी पेलाभर घ्यावा असं अण्णांनी सांगितलं. समोरच्या भांडीवाल्यानं कुळथाचं पाणी सुचवलं. दुकानात कापड कापून द्यायला असणाऱ्या रूपानं, कुणाचं काय झालंय हे नीट न कळताच, जवाचं पाणी उकळून बाटलीत भरून आणलं. सदाशिवराव कुणाला दुखवणारे नव्हेत. ते तिन्ही प्यायले. तिन्हींचा गुण एकच होता आणि तो लगेच आला. अकराचे सोळा झाले.

वत्सलाताई तेव्हा मिरजेला होत्या. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं तीन आठवडे मुक्काम होता. फोनवर सदाशिवराव त्यांना एवढंच म्हणाले, की कंबर जरा धरली आहे. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून एकही गोष्ट लपवली नव्हती, कारण लपवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यामुळं लपवायचं कसं याचीही सवय नव्हती. खरं म्हणजे ते घाबरले होते. त्यांनी फोनवर आपलं दुखणं लिहून पाहिलं होतं. फोनवर कुठलंही दुखणं लिहा, तिसऱ्या ओळीत कॅन्सर येतोच. सदाशिवरावांनी चौथी ओळ वाचली नाही. फोन मिटून ठेवला आणि आपल्याला काही झालेलं नाही असं ठरवून टाकलं. पण ठरवलेलं त्यांचं शरीर ऐकेना.

शेवटी घरच्या डॉक्टरांकडं गेले. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. सुमंतअण्णा थोडे हिरमुसले, कारण त्यांचा दुसरा अंदाज साखर हा होता. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून यायला सांगितलं. सोनोग्राफी म्हणजे काय, तर भरपूर पाणी प्यायचं, लघवी धरून ठेवायची आणि आपला नंबर येईपर्यंत शांत बसायचं. या तिन्हींपैकी दुसरं आणि तिसरं करता येत नाही म्हणूनच सदाशिवराव तिथं आले होते. पण आपल्याकडं तपासण्या अशाच असतात.

केंद्रात बसायला बाकं होती आणि बाकांवर सगळ्या पोटुशी बाया. भिंतीवर मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही अशी पाटी. सदाशिवराव एका कोपऱ्यात उभे राहिले, मांड्या जुळवून. खिडकीतल्या बाईनं मोबाईल नंबर विचारला. आता गंमत अशी, की सदाशिवरावांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. स्वतःला फोन करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पाठ होता तो एकच नंबर, वत्सलाताईंचा. तो त्यांनी सांगितला. दोन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी वत्सलाताई त्याच केंद्रात येऊन गेल्या होत्या. कॉम्प्युटरनं नंबर ओळखला, नाव आपसूक भरलं, वय भरलं आणि खिडकीतल्या बाईनं मान वर न करता चिठ्ठी फाडून दिली. सदाशिवरावांनी ती न वाचता खिशात घातली. त्या घटकेला त्यांची वाचण्यासारखी स्थिती नव्हती.

पाऊण तासानं लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, "वत्सला तासगावकर." सदाशिवराव चपापले. दुसऱ्यांदा पुकारा झाला. त्यांनी चिठ्ठी काढून पाहिली. खिडकीपाशी जाऊन हे दुरुस्त करून घ्यावं, तर पुढं सहा माणसं, आणि नंबर गेला तर आणखी पाऊण तास. पोटात दीड लिटर पाणी आणि अंगावर आलेला घाम अशा अवस्थेत माणूस कुठलंही नाव पत्करतो. तिसऱ्या पुकाऱ्याला त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मीच."

बाकांवरच्या सगळ्या बायांनी त्यांच्याकडं पाहिलं, पण ते तेवढ्यावर संपतं तर बरं. त्याच वेळी वरच्या मजल्यावर गुडघ्याचा एक्स-रे काढून सुमंतअण्णांच्या पत्नी भागीरथीअक्का जिना उतरत होत्या. त्यांना सदाशिवराव दिसले नाहीत. पुकारा मात्र तीनदा स्पष्ट ऐकू आला.

रिपोर्ट आला. मुतखडा नव्हता. वत्सला सदाशिव तासगावकर, वय त्रेचाळीस, स्त्री, यांची प्रोस्टेट ग्रंथी किंचित सुजलेली आढळली होती.

सदाशिवराव खिडकीपाशी गेले. त्यांनी अत्यंत नम्रपणे नाव बदलून मागितलं. खिडकीतली बाई म्हणाली, एकदा छापलेला रिपोर्ट असा बदलता येत नाही. ज्या पेशंटच्या नावानं आहे त्यांनी स्वतः आधार कार्ड घेऊन यावं आणि लेखी अर्ज द्यावा. सदाशिवराव म्हणाले, पेशंट मीच आहे. ती म्हणाली, तसं असेल तर तुमच्या आधार कार्डावर वत्सला असं नाव दाखवा. पेशंट मिरजेला आहे असं त्यांनी सांगितल्यावर ती म्हणाली, मग त्या आल्यावर या. तिच्या बोलण्यात कुठंही चूक काढता येत नव्हती. सदाशिवराव तसेच परतले.

घरच्या डॉक्टरांनी विद्यानगरातल्या एका तज्ज्ञांचं नाव लिहून दिलं, 'डॉ. एम.' आणि पुढं न वाचता येणारं आडनाव. सदाशिवरावांनी मनात मुरलीधर किंवा माधव असा कुणीतरी पिकल्या केसांचा माणूस धरला होता. दार उघडून आत गेले तर समोर चाळिशीची एक बाई, डॉ. मीनाक्षी. सदाशिवरावांनी दार चुकलं म्हणून क्षमा मागितली आणि मागं वळले. बाईंनी त्यांना परत बोलावलं, बसा म्हणाल्या, मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून उभे राहिलात तरी चालेल म्हणाल्या. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी तो दोनदा वाचला.

"या वत्सलाबाईंना खरंच प्रोस्टेट असेल," त्या म्हणाल्या, "तर मला मोठा शोधनिबंध लिहायला लागेल."

सदाशिवरावांनी खुलासा केला. मग बाई प्रश्न विचारू लागल्या आणि सदाशिवराव भिंतीवरच्या घड्याळाला उत्तरं देऊ लागले. असं पाच मिनिटं चालल्यावर बाईंनी विचारलं, धंदा काय करता. मॅचिंग सेंटर म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, दिवसभर परक्या बायकांशी ब्लाऊजच्या मापाचं, अस्तराचं बोलताना तुम्ही लाजता का? लाजलात तर दुकान चालेल का? माझंही तसंच आहे. हे ऐकून सदाशिवरावांना एकदम आपण व्यापारी व्यापाऱ्यापुढं उभे आहोत असं वाटलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी सोळापर्यंत.

त्यानंतरच्या दीड मिनिटात जी तपासणी झाली तिच्याबद्दल सदाशिवराव आजही काही बोलत नाहीत, आणि आपणही बोलायला नको. तपासणीच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन बाटल्यांत लघवी द्यायची होती, तीही त्यांनी दिली. बाटल्यांवरचं नाव मात्र चारदा वाचून घेतलं.

चार दिवसांनी ते पुन्हा गेले. दोन्ही बाटल्यांत जंतू नव्हते. रक्ताची तपासणीही चांगली होती. सदाशिवरावांनी घसा साफ करून तो तिसऱ्या ओळीतला शब्द विचारला. डॉ. मीनाक्षी म्हणाल्या, "अंजब्याड्री. घाबरू नका. कॅन्सर नाही, आणि यातून कॅन्सर होतो असंही नाही. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिथं दाह आहे. भोवतीचे स्नायूही आखडलेत. पुष्कळ पुरुषांना होतं. फक्त कुणी बोलत नाही."

मग त्यांनी सांगितलं, की हे दुखणं जुनाट आहे, एका गोळीनं जाणारं नाही. कधी कमी होईल, कधी उसळेल. गोळ्या काही आठवडे घ्यायच्या, पण खरं काम घरी आहे. अर्ध्या तासाच्या वर सलग बसायचं नाही. बसायला मधे भोक असलेली गादी वापरायची. चहा आणि तिखट कमी. रोज चालायचं. आडवं पडून पोटातून सावकाश श्वास घ्यायचा आणि खालचे स्नायू सैल सोडायला शिकायचं. आणि दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसायचं. रस-कुळीथ-जव बंद. सदाशिवराव बाहेर पडले ते तरंगतच. घरी जाऊन त्यांनी त्या ग्रंथीचं मराठी नाव शोधलं. पुरःस्थ ग्रंथी. एखाद्या मठाच्या स्वामींचं असावं असं भारदस्त नाव. एवढी मोठी पदवी असलेलं काहीतरी आपल्यापाशी इतकी वर्षं होतं याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला.

आता टब. कोप्पीकर रोडवरच्या तीन दुकानांत फिरल्यावर कळलं, की माणसाला बसता येईल असा टब एक तर न्हाणीघरात बांधून घ्यावा लागतो, नाहीतर तान्ह्या बाळाचा मिळतो. बाळाचा त्यातल्या त्यात मोठा होता तो आकाशी रंगाचा, कडेला पिवळी बदकं. दुकानदारानं बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं. सदाशिवराव "अजून वेळ आहे" असं काहीतरी पुटपुटले. भोकाची गादी औषधाच्या सामानाच्या दुकानात मिळाली. तिच्या वेष्टनावर नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं हसरं चित्र होतं.

हा सगळा जामानिमा घेऊन रिक्षा केशवापुरात आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या भागीरथीअक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी टब पाहिला, बदकं पाहिली, वेष्टनावरची बाई पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. जवळ येऊन अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मला सगळं कळलंय, सदाशिवराव. कितवा चालू आहे?"

सदाशिवरावांना वाटलं, अण्णांनी दुखण्याचं घरी सांगितलं. त्यांना शरम वाटली, पण अक्का आईसारख्या. ते म्हणाले, "तिसरा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. पण अक्का, एवढ्यात कुणाला बोलू नका."

"मी कशाला कुणाला बोलू," अक्का म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी फक्त चौघींना सांगितलं, आणि प्रत्येकीला कुणाला बोलू नको असं बजावून. जेवताना अण्णा आणि अक्का यांनी आपापला पुरावा जोडून पाहिला. वत्सला मिरजेला गेली ती आईच्या डोळ्यांसाठी नव्हे, तर पहिले महिने माहेरी विश्रांती म्हणून. मधेच एका दिवसासाठी येऊन गुपचूप तपासून गेली. या वयात म्हणजे जपायलाच हवं. सदाशिवरावांना सारखी लघवीला का लागत होती याचाही उलगडा अक्कांनी केला. काही नवऱ्यांना बायकोचे डोहाळे लागतात.

इकडं सदाशिवरावांचे दिवस बदलले होते. पहाटे उठून ते बदकांच्या टबात कोमट पाणी ओतत आणि हळूहळू त्यात उतरत. टब लहान असल्यामुळं गुडघे कानाशी येत. पण दोन मिनिटांत ती इस्त्री कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटे, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हुश्श निघे. मग ते डोळे मिटून पोटात श्वास भरत आणि सैल सोडत. सैल सोडणं ही गोष्ट आपल्याला कुणी कधी शिकवलीच नव्हती असं त्यांच्या ध्यानात आलं. आयुष्यभर ते सगळं आवळूनच बसले होते. आठवड्यात ठोकळ्याच्या फेऱ्या सोळावरून नवावर आल्या. सुमंतअण्णा आता आकडा म्हणत नसत. नुसतं मायेनं बघत. शनिवारी तर अण्णा स्वतः दुकानात आले आणि हिरवं ब्लाऊजपीस मागितलं. कुठला हिरवा, सदाशिवरावांनी विचारलं. शुभ हिरवा, अण्णा म्हणाले. सदाशिवरावांनी स्वतःच्या हातानं रेशमी पोपटी काढून दिला आणि कुणाचा कार्यक्रम म्हणून चौकशी केली. आहे एक घरचाच, असं म्हणून अण्णा डोळे पुसत गेले.

त्याच संध्याकाळी वत्सलाताई मिरजेहून परतल्या. रिक्षातून उतरताच भागीरथीअक्कांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, जिना एकेक पायरीनं चढायला लावला आणि मागोमाग कैरीचं लोणचं वर पाठवलं. वत्सलाताई फारसं काही बोलल्या नाहीत. प्रवासानं दमली असेल असं सदाशिवरावांना वाटलं. न्हाणीघरातला टब बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं तेव्हा सदाशिवराव म्हणाले, की कापडाचा रंग जातो का ते भिजवून बघायला आणलाय. वत्सलाताई म्हणाल्या, "हं." त्या 'हं'मधे बरंच काही होतं, पण रंगातला फरक ओळखणाऱ्या माणसाला आवाजातला ओळखता येतोच असं नाही.

रविवारी सकाळी अकराला दारावरची घंटा वाजली. भागीरथीअक्का, त्यांच्यामागं तीन बायका, सगळ्यांत मागं नारळ घेतलेले सुमंतअण्णा. अक्कांनी आल्या आल्या पाट मांडला, ताटात तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या आणि ते पोपटी ब्लाऊजपीस ठेवलं. सदाशिवरावांनी आपलं कापड ओळखलं, बाकी काही ओळखलं नाही. अक्का वत्सलाताईंना म्हणाल्या, "बस गं माझी बाई. चोरओटी आहे, गाजावाजा नाही. तिसऱ्या महिन्यात भरतात."

सदाशिवरावांच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. टब, गादी, पुकारा, तिसरा महिना. आता खरं सांगावं तर चार बायकांपुढं त्या ग्रंथीचं नाव घ्यावं लागणार, आणि गप्प बसावं तर वत्सला या वयात पाटावर बसणार.

वत्सलाताई पाटावर बसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"अक्का, जरा थांबा," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं वळल्या. "अहो, माझ्या फोनवर माझा रिपोर्ट आलाय. बारा दिवस झाले. आईच्या डोळ्यांत औषध घालताना रोज वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. त्यात जे लिहिलंय ते माझ्यात नसतं, एवढं मला कळतं. मीही फोनवर वाचलंय. मला एवढंच सांगा, ते कॅन्सरच असतं का? रंग जातो की राहतो ते आपण नंतर बघू."

सदाशिवरावांनी बायकोची ती मूठ पाहिली. आपण बारा दिवस आपली लाज सांभाळत होतो आणि ही तिकडं एकटी त्या तिसऱ्या ओळीपाशी बसून होती, हे त्यांना कळलं आणि लाजेचं जे काही शिल्लक होतं ते तिथंच गळून पडलं.

"नाही," ते म्हणाले. "कॅन्सर नाही, वत्सला. डॉक्टरांनी सगळं तपासलंय. प्रोस्टेटला सूज आहे. जुनी आहे, पण जीवाला धोका नाही. मी सांगायला हवं होतं."

आणि मग त्यांना थांबताच येईना. नाव कसं चुकलं, दोन बाटल्या, बदकांचा टब कशासाठी, गादीला भोक का, सगळं त्यांनी पाटाशेजारी उभं राहून, एखाद्या गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवावं तसं सांगितलं. अक्रोडाएवढी असते हे हातानं दाखवलंसुद्धा.

भागीरथीअक्कांनी बराच वेळ त्यांच्याकडं आणि ताटाकडं आळीपाळीनं पाहिलं. मग विचारलं, "मग तिसरा महिना?"

"दुखण्याचा," सदाशिवराव म्हणाले.

पहिल्यांदा हसल्या त्या वत्सलाताई. हसता हसता त्या पाटावर बसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच राहिल्या. मग तिघी बायका हसल्या, शेवटी अक्काही. फक्त सुमंतअण्णा नारळ घेऊन गंभीर उभे होते. हसू ओसरल्यावर त्यांनी खाकरून विचारलं, की त्या डॉक्टरबाई मंगळवारी असतात का.

"कुणासाठी?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मलाही आहे तसलंच काहीतरी. झाली की अकरा वर्षं."

अक्का उठून उभ्या राहिल्या. अकरा वर्षं त्या रोज अण्णांच्या कंबरेला तेल चोळत होत्या. दोरखंडाची वेटोळी उचलून कंबर गेली असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कुठलं दुखणं आणि कुठं तेल, असं त्या कन्नडमधे बरंच काही बोलल्या. त्यातलं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसत होतं. बोलून झाल्यावर अक्का म्हणाल्या, घरी आणलेली ओटी परत न्यायची नसते, आणि त्यांनी वत्सलाताईंची ओटी भरली. कशासाठी भरली हे कुणी विचारलं नाही. नंतर सगळे जेवायला थांबले. सदाशिवरावांच्या पानात बिनतिखटाची आमटी वाढताना वत्सलाताईंनी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, की टबातलं पाणी किती कोमट लागतं.

मंगळवारी सदाशिवराव आणि अण्णा मिळून विद्यानगरला गेले. डॉ. मीनाक्षींनी अण्णांना स्वतंत्र तपासलं. त्यांचं दुखणं वेगळं निघालं. वयानं ग्रंथी वाढली होती, तिची गोळी वेगळी. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यानं घ्यायची नाही असं बाईंनी दोघांकडून कबूल करून घेतलं. गुरुवारी वत्सलाताई आधार कार्ड घेऊन सोनोग्राफी केंद्रात गेल्या आणि अर्ज लिहून दिला, की सदर ग्रंथी माझी नाही, ती माझ्या पतीची आहे. खिडकीतल्या बाईनं अर्ज शांतपणे वाचला, शिक्का मारला आणि नात्याचा पुरावा मागितला.

दुखणं काही एकदम गेलं नाही. मधे धारवाडच्या एका लग्नात सदाशिवरावांनी मिरचीभजी खाल्ली, वर तीन तास खुर्चीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री परत आली. ते हबकले. पण वत्सलाताईंनी टब भरला, आणि चार दिवसांत ते पुन्हा ताळ्यावर आले. आता ते दुकानात बहुतेक उभेच असतात. दर अर्ध्या तासानं घड्याळ वाजतं, की ते आणि सुमंतअण्णा आपापल्या दुकानातून बाहेर पडून पेठेच्या टोकापर्यंत एक फेरी मारून येतात. रूपानं पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा सदाशिवरावांनी तिला सरळ सांगितलं. तिनं आपल्या सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी कुणाकुणाला सांगितलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

परवा दुपारी दुकानात एक माणूस आला. अळणावरकडचा, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. बरोबर बाईमाणूस नाही, साडीचा तुकडा नाही. तो बराच वेळ परकराच्या कापडांकडं बघत राहिला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी तो तसाच, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. रूपानं काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाला, अस्तर बघतोय. कुठल्या रंगाचं, तर म्हणाला, कुठलंही चालेल.

सदाशिवरावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांत कुठलाही रंग चालेल असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानात आलं नव्हतं. त्यांनी सवयीनं पाहुण्यासाठी स्टूल पुढं ओढलं, बसा म्हणायला तोंड उघडलं, आणि स्टूल परत आत सारलं.

"बसू नका," ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "चला, आपण जरा चालत चालत बोलू."